टोपीखालचं डोकं

मुकुंदकाका राऊतांची एक सवय मला पहिल्या दिवसापासून असह्य झाली होती. आमच्या बडोद्याच्या रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी रोग्याचं डोकं भादरण्याचं काम त्यांच्याकडे होतं. भादरून झालं की खाली पडलेले सगळे केस ते वर्तमानपत्रात गोळा करत, नीट पुडकं बांधत, आणि ट्रॉली आत गेली की बाहेर येऊन नातेवाइकांच्या हातात देत. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण रोगी दुचाकीवरून पडलेला असला आणि केस गळतील म्हणून त्यानं हेल्मेट घातलेलं नसलं, की ते पुडकं देताना एक वाक्य बोलत. समोर मराठी माणूस असला तर मराठीत, गुजराती असला तर गुजरातीत. "घ्या. हे वाचवलं त्यानं."

मी त्या वॉर्डात बदलून आले त्याच दिवशी हे वाक्य ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत एखाद्याचा भाऊ, नवरा, मुलगा मरणाच्या दारात पडलेला, आणि बाहेर हा माणूस त्याच्या माणसांना टोमणे मारतो! मी सोबतच्या सिस्टरला म्हटलं, "ह्यांना कुणी बोलत नाही का?" ती म्हणाली, "बोलून बघ."

मुकुंदकाका तेव्हा साठीच्या जवळ आले होते, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, हातांची बोटं मात्र एखाद्या वादकासारखी लांब. डोक्याला चकाकतं टक्कल, कानांमागे करड्या केसांची झालर. राहायला दांडिया बाजारात. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून आले होते, ते लढायला नव्हे, तर शिपायांची डोकी करायला आणि जखमा धुऊन बांधायला. हे ते फार अभिमानानं सांगत. "इतिहास तलवारवाल्यांचा लिहितात, सिस्टर. तलवार लागल्यावर ज्यानं धुतलं, त्याचं नाव कुणी लिहीत नाही." घरात मराठी स्वच्छ, बाहेर पडले की 'केम छो'पासून सगळं गुजराती. आमच्याशी बोलताना दोन्हींची सरमिसळ.

त्यांना चेहरे लक्षात राहत नसत. डोकी राहत. एकदा तपासणीसाठी परत आलेल्या माणसाला त्यांनी समोरून ओळखलं नाही, आणि तो पाठमोरा झाल्यावर हाक मारली, "अरे, तुम्ही तर मागच्या होळीचे!"

माझी आणि त्यांची पहिली खडाजंगी वॉर्डात झालीच नाही, ती पार्किंगमध्ये झाली. मी ड्यूटी संपवून स्कूटी काढत होते. ओढणी डोक्याभोवती आणि तोंडाभोवती घट्ट गुंडाळली, जशी आमच्या बडोद्यातल्या सगळ्या बायका-पोरी गुंडाळतात, आणि किल्ली फिरवली. मुकुंदकाका सायकल घेऊन बाजूला उभे.

"सिस्टर, हेल्मेट?"

"घरी आहे."

"घरी कोण घालतं? कुकर?"

मला राग आला. म्हटलं, "काका, माझे केस फार गळायला लागलेत. मूठ मूठ येतात हातात. हेल्मेट बंद केलंय थोडे दिवस."

ते सायकल स्टँडला लावून माझ्यापुढे येऊन उभे राहिले. आवाज चढलेला. "नर्स ना तुम्ही? शिकून आलात ना? मागच्या तीन-चार महिन्यांत ताप येऊन गेला?"

आला होता. डेंग्यू. आठवडाभर अंथरुणाला खिळून होते.

"मग! मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. बाळंतिणीचे गळतात. उपास करकरून गळतात. आपोआप परत येतात. एवढं मला न्हाव्याला माहीत, आणि तुम्ही हेल्मेटवर आळ घेता? त्या बिचाऱ्यानं काय केलं तुमचं?"

मी निघून गेले, पण घरी जाऊन पुस्तक काढलं. काकांचं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं होतं. मला ते शिकवलेलंही होतं. आईनं लहानपणी सांगितलेलं 'टोपी घालून बसू नकोस गं, केस कोंदतात' तेवढं डोक्यात राहिलं, आणि शिकलेलं वाहून गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी हेल्मेट घालायला लागले. चार महिन्यांत केस होते तसे झाले. पण काकांना मी हे सांगितलं नाही. त्यांचं ते पुडक्याचं वाक्य मला अजून सलत होतं.

आता खरं सांगायचं तर संताप यावा असंच आमच्या शहरात चाललं होतं, अजूनही चाललं आहे. हेल्मेट ही इथं डोक्यावर घालायची वस्तूच नाही. ती कोपरात अडकवायची, आरशाला टांगायची, डिकीत ठेवायची. चार रस्त्याला पोलीस दिसला की डोक्यावर चढते आणि सिग्नल सुटला की उतरते. का, म्हणून विचारा. गरम होतं, ऐकू येत नाही, जवळच तर जायचंय. आणि तरणी मुलं असली तर हमखास: "वाळ ऊतरी जाय छे." केस गळतात! नदीपलीकडच्या अकोट्याकडून पुलावरून येणाऱ्या त्या गाड्या बघा. मागं बसलेली मुलगी, पुढं मुलगा, त्याचे केस वाऱ्यावर उभे, आणि हेल्मेट दोघांच्या मध्ये पोटाशी धरलेलं. जसं काही पोटच फुटायचं आहे.

तो दिवस मला नीट आठवतो. शहराच्या टोकाला छाणीजवळ एका टेम्पोनं दुचाकीला उडवलं होतं. पंचविशीतला मुलगा, लग्न तोंडावर आलेलं. सकाळी दहाच्या सुमारास आणला. काय केस होते त्याचे! दाट, काळेभोर, नुकतेच कापून वळण दिलेले. लग्नाचे फोटो चांगले यावेत म्हणून महिनाभर त्यानं हेल्मेट घातलं नव्हतं, असं त्याचा मित्र रडत रडत सांगत होता. काकांनी डोकं भादरलं. एरवी झरझर चालणारा त्यांचा हात त्या दिवशी सावकाश चालला होता. मुलगा आत गेला. बाहेर बाकावर त्याची आई एकटी बसली होती. काकांनी पुडकं तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "लो बेन. आ बचाव्युं एणे."

ती बाई रडली नाही, ओरडली नाही. तिनं ते पुडकं दोन्ही हातांनी घेतलं आणि छातीशी धरलं, जसं तान्हं मूल धरतात तसं. आणि हळूहळू पुढं-मागं झुलायला लागली.

मी काकांचा दंड धरून त्यांना चादरींच्या खोलीत ओढत नेलं. वयाचं भान मला राहिलं नव्हतं. "लाज नाही वाटत तुम्हाला? त्या बाईनं काय केलंय? तिनं सांगितलं होतं का त्याला हेल्मेट घालू नकोस म्हणून? कुणाचा राग कुणावर काढताय? ज्यांनी ह्या पोरांच्या डोक्यात हे खूळ भरवलं त्यांना जाऊन ऐकवा, हिंमत असेल तर!"

मला वाटलं, आता हे उसळतील. पण ते खाली चादरींच्या गठ्ठ्यावर बसले. मग म्हणाले, "मीच भरवलं, सिस्टर."

त्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या वासात, त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

दांडिया बाजारात त्यांचं स्वतःचं दुकान होतं. बावीस वर्षं चालवलं. तिथं आरशाच्या वर त्यांनी एक पाटी रंगवून घेतली होती: 'टोपी व हेल्मेटमुळे केस गळतात. खात्रीचा उपाय येथे मिळेल.' उपाय म्हणजे माका आणि जास्वंद घालून त्यांनीच उकळलेलं तेल. त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी: डोकं झाकलं की मुळं गुदमरतात. हे खरं की खोटं, कधी विचारच केला नाही. गिऱ्हाईक खूश होतं, तेल खपत होतं.

नितीन नावाचा मुलगा दर चौथ्या रविवारी यायचा. बँकेत होता, सत्तावीस वर्षांचा. मुली बघणं चाललं होतं आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागं सरकायला लागले होते. त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते. काका त्याला चिडवायचे, "दोन भोवरे, दोन बायका. एक तरी बघ लवकर!" एका रविवारी त्यानं काकुळतीला येऊन विचारलं, "काका, काय करू?" काका म्हणाले, "काही नाही. ते मडकं डोक्यावरून उतरव आधी. हवा लागू दे." आणि तेलाची बाटली दिली.

"पंधरा दिवस झाले नसतील," काका म्हणाले, "हा इथला वॉर्डबॉय दुकानात आला. तुमचा न्हावी रजेवर होता. म्हणाला, मुकुंदभाई, वस्तरा घेऊन चला, अर्जंट आहे. आलो. चेहरा सगळा सुजलेला. नाव मी विचारलं नाही. कानामागून सुरुवात केली, वर आलो, आणि दोन भोवरे दिसले."

मी उभीच राहिले.

"हात थांबला. डॉक्टर म्हणाले, काका, चालू द्या, वेळ नाही. मग केलं. पूर्ण केलं. ते दोन भोवरे मी माझ्या हातानं साफ केले, सिस्टर. केसांच्या मुळाशी माझ्याच तेलाचा वास होता."

नितीन दुसऱ्या दिवशी गेला. काकांनी पाटी उतरवून फोडली, तेल मोरीत ओतलं. आणि मग, आधी विचारायला हवं होतं ते, आमच्याच रुग्णालयातल्या त्वचेच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. त्यांनी अर्धा तास बसवून समजावलं. पुरुषांचं असं टक्कल रक्तातून येतं, आई-वडिलांच्या दोन्ही बाजूंनी. मुळांना जे लागतं ते रक्तातून मिळतं, वाऱ्यातून नाही. टोपीचा त्यात काही संबंध नाही. काकांनी पुढं दुकान पुतण्याच्या हवाली केलं, आणि आमच्याकडचा न्हावी निवृत्त झाल्यावर ती जागा मागून घेतली.

"नितीनच्या आईला माहीत आहे?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

मला दया यायला हवी होती. आलीही असेल. पण तोंडातून बाहेर पडला तो संतापच. "म्हणजे स्वतःला सांगायचं ते तुम्ही परक्या आयांना ऐकवताय! जिला सांगायला हवं तिला जाऊन सांगा. नाहीतर हे पुडक्याचं नाटक बंद करा."

पुढच्या आठवड्यात ते एक दिवस आले नाहीत. त्यांनी याआधी कधी रजा घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आले, हात धुता धुता मला म्हणाले, "जाऊन आलो."

"काय म्हणाल्या?"

"सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, मुकुंद, चहा ठेवलाय, तो पिऊन जा. आणि परत येऊ नकोस."

"प्यायलात?"

"प्यायलो. नाही म्हणायचा मला काय हक्क?"

त्यानंतर ते वाक्य मी कधी ऐकलं नाही. केस ते अजूनही देत, पण नमस्कार करून, काही न बोलता. छाणीचा तो मुलगा वाचला. पण त्याची वाचा गेली, आणि लग्न मोडलं. त्याची आई त्याला दर महिन्याला तपासणीला आणायची, तेव्हा काका त्याच्या नव्यानं आलेल्या केसांवरून हात फिरवायचे आणि तिला म्हणायचे, "वाळ सरस आव्या, बेन." तीही मान डोलवायची. तिच्या मनात त्यांच्याबद्दल काय होतं, देव जाणे.

त्यांचा राग मात्र गेला नाही, त्यानं जागा बदलली. संध्याकाळी भेटीच्या वेळेत रोग्यांचे भाऊ, मित्र बाहेर गोळा होत. काका तिथं जाऊन बसायचे. गप्पा सुरू व्हायच्या आणि कुणीतरी तो प्रश्न विचारायचाच.

"पण काका, हेल्मेटथी वाळ तो जाय ने?"

काका आपल्या टकलावर हात मारायचे. "हे बघ. आयुष्यात टोपी घातली नाही, हेल्मेट नाही, सायकलवर उघड्या डोक्यानं फिरलो. पोटभर हवा लागलीय ह्याला. एक तरी केस दिसतो?" मग खिशातून फोटो काढायचे. "आणि हा माझा सख्खा थोरला भाऊ. पोलिसांच्या बँडमध्ये तीस वर्षं होता. डोक्यावर जाडजूड टोपी, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. आज सत्तरीचा आहे, भांग पाडतो! तो आजोळवर गेला, मी राऊतांवर. टक्कल आजोबा देतात, भाई, टोपीवाला देत नाही."

मुलं हसायची. काका हसत नसत. "केस म्हणजे पीक. डोकं म्हणजे जमीन. पीक गेलं तर एक हंगाम गेला. जमीन गेली तर?"

पण एक होतं. एकदा खोटं बोलून बसलेला हा माणूस दुसऱ्या बाजूनंही खोटं बोलायला तयार नव्हता. टोपीनं काहीच होत नाही, असं ते कधी म्हणाले नाहीत. आमच्या मेट्रनबाईंच्या डोक्यावर कानांच्या वर दोन ठिकाणी केस विरळ होऊन कातडी दिसायची. त्यांनी नर्सच्या नोकरीत वर्षानुवर्षं कडक खळीची टोपी त्याच त्या जागी पिना खुपसून बसवली होती. काका त्यांना स्पष्ट म्हणाले, "बाई, ही करामत टोपीची नाही, पिनेची. रोज एकाच जागी ओढलं की केस हरतो." तसंच मुलांना सांगायचे, हेल्मेट डोक्याच्या मापाचं घ्या, घासेल इतकं घट्ट नको. ओल्या केसांवर चढवू नका. आतून सुती रुमाल बांधा, आणि आतलं अस्तर निघत असेल तर धुवा. "वर्षभर न धुतलेलं हेल्मेट घालता, मग कोंडा होतो, खाज सुटते, खाजवून केस तुटतात, आणि हेल्मेटच्या नावानं बोंब! चड्डी वर्षभर न धुता घालाल का रे?" मेट्रनबाई हे ऐकून कान झाकून घ्यायच्या.

किती जणांनी ऐकलं, मी मोजलं नाही. पण भेटीच्या वेळेनंतर पार्किंगमध्ये मुलं कोपरातलं हेल्मेट डोक्यावर चढवताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

मग तो रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आला.

आमच्या रुग्णालयाच्या सभागृहात कॉलेजची मुलं बोलावली होती. फुलं, समई, मंचावर सुपरिंटेंडंट, मेंदूचे मोठे सर्जन, आणि मध्यभागी कार्यक्रमाचे प्रायोजक. प्रायोजक कोण? अकोट्यात नव्यानं उघडलेलं केसांच्या उपचारांचं एक क्लिनिक! कोट घातलेला एक देखणा गृहस्थ उठला आणि गोड आवाजात म्हणाला, "मित्रांनो, हेल्मेट अवश्य घाला. पण हेल्मेटमुळे तुमचे केस दररोज मरताहेत, हेही विसरू नका. आमच्याकडे त्यावर खास उपचार आहे." आणि त्याची माणसं रांगांमधून सवलतीची कूपनं वाटायला लागली.

मागच्या रांगेतून आवाज आला. "खोटं आहे."

सगळ्या माना वळल्या. मुकुंदकाका उभे होते, निळ्या कोटात, तसेच कामावरून आलेले.

"साहेब, हे खोटं आहे. हेल्मेटनं केस मरत नाहीत. ही पोरं आज तुमचं हे वाक्य घेऊन घरी जातील, बाकीचं सगळं इथंच ठेवून. मला माहीत आहे. मी हेच विकत होतो."

गृहस्थ हसला. "काका, तुम्ही डॉक्टर आहात?"

"न्हावी आहे. वरच्या मजल्यावर डोकी भादरतो. तुम्ही इथं हे बोला, आणि मी वर जाऊन वस्तरा परजून ठेवतो, कारण ह्यांतलेच कुणी येणार आहेत माझ्याकडे."

मग मागून दोन-तीन मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुपरिंटेंडंट उठले. "राऊत, बसा खाली. हे पाहुणे आहेत आपले."

काका बसले नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी बाजूच्या रांगेत होते, पांढऱ्या गणवेशात, सगळ्यांना दिसेल अशी. "सिस्टर, तुम्ही सांगा ह्यांना. तुम्हाला माहीत आहे. तुमचे केस डेंग्यूनं गेले होते."

मला माहीत होतं. मंचावर बसलेल्या सर्जनना तर माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले. मी सुपरिंटेंडंटांकडे बघितलं. त्यांनी किंचित मान हलवली. नाही, अशी. आणि मी मांडीवरच्या पर्सचा बंद नीट करायला लागले.

दोन शिपायांनी काकांना बाहेर नेलं. कार्यक्रम पुढं चालू झाला. कूपनं सगळ्यांना पुरली.

सोमवारी काकांचं कंत्राट संपल्याचं पत्र आलं. कारण दिलं होतं, आता हे काम मशीननं वॉर्डातलीच माणसं करतील, न्हाव्याची गरज उरलेली नाही. पुढचे आठ दिवस कॅन्टीनमध्ये आम्ही सगळे फार संतापलो. अन्याय आहे, म्हणालो. ह्या क्लिनिकवाल्यांचं नाक दाबायला हवं, म्हणालो. सर्जनसुद्धा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "ही वॉज राइट, सिस्टर." लिफ्टमध्ये! मीही मान डोलवली. वर, सुपरिंटेंडंटांच्या खोलीपर्यंत, आमच्यातला एकही जण गेला नाही.

काकांना भेटायला मी दीड वर्षानं गेले. पुतण्याच्या दुकानात ते एका खुर्चीवर काम करायचे, पण आता फुप्फुसाच्या दुखण्यानं घरीच होते. दांडिया बाजारातल्या एका बोळात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. काकूंनी चहा आणि भाकरवडी दिली. काका उशीला टेकून बसले होते. वजन निम्मं झालं होतं, आवाज मात्र तसाच.

"त्या क्लिनिकची दुसरी शाखा निघाली म्हणे, सिस्टर. जाहिरात आली होती. मी पुतण्याला सांगितलं, तो कागद दुकानात दिसला तर तुझी खुर्ची रस्त्यावर फेकीन."

मी कप खाली ठेवला. मग म्हटलं, "काका, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मी घाबरले. मी बोलले असते तर तुमचं काम राहिलं असतं."

"छे," ते म्हणाले. "काम गेलंच असतं. कदाचित तुमचंही गेलं असतं." धाप लागली म्हणून ते थांबले. काकूंनी पाणी पुढं केलं, ते त्यांनी हातानं बाजूला सारलं. "पण मी एकटा पडलो नसतो. एकटा माणूस बोलला की लोक म्हणतात, वेडा आहे. दोघं बोलली की विचार करतात. त्या पोरांना विचार करायची संधी तुम्ही दिली नाहीत. माझं सोडा, मी म्हातारा. त्या पोरांचं तुम्ही नुकसान केलंत."

काकू म्हणाल्या, "अहो, घरी आलेल्या माणसाला असं बोलतात का?"

"खरं बोलतोय. तिनं मला एकदा ऐकवलं होतं, चादरींच्या खोलीत. ते खरं होतं म्हणून मी ऐकलं. आता तिनं ऐकावं."

मी ऐकलं. महिन्याभरानं काका गेले. मी घरी पोचले तेव्हा त्यांना नेलं होतं. सत्तरी ओलांडलेले थोरले भाऊ दारात बसले होते, डोक्यावर दाट पांढरे केस, आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते, "लहान होता माझ्याहून."

ह्या वर्षी पुन्हा कार्यक्रमाचं पत्रक फिरलं. तेच सभागृह, तेच प्रायोजक. ह्या खेपेला 'हेल्मेट आणि केसगळती' असा स्वतंत्र विषयच ठेवला होता. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. जेवणाच्या सुट्टीत कागद घेतला आणि लिहून काढलं: हे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे, ह्या वॉर्डात त्याचे परिणाम आम्ही बघतो, आणि हे क्लिनिक बोलणार असेल तर मी सभागृहात उभी राहून हे वाचून दाखवीन. खाली सही केली. मग वॉर्डात फिरवलं. मेट्रनबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सही केली. सर्जननी कागद हातात धरून ठेवला. मी म्हटलं, "साहेब, ही लिफ्ट नाही." त्यांनी मान वर न करता सही केली.

सुपरिंटेंडंटांनी मला बोलावून घेतलं. कागद समोर ठेवलेला. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. समजावणीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर, तुमच्या रिटायरमेंटला किती राहिलं?"

"अकरा महिने, साहेब."

"मग कशाला ही भानगड? अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मी म्हटलं, "अकरा महिन्यांत आपल्या वॉर्डात किती डोकी येतील, तेवढं सांगा, साहेब. मग मी कागद परत घेते."

त्यांनी कागदावर पेपरवेट ठेवला. कागद अजून त्यांच्या टेबलावर आहे.